जुन्या पिकअपच्या हौद्यापासून खडकाळ वाटांसाठी ट्रेलर: आधी वजन, मग वेल्डिंग

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. पुढून चेपलेली एक जुनी डबल-कॅब पिकअप आपल्याकडे पडून आहे, पण तिचा हौदा आणि मागचा ॲक्सल शाबूत आहेत. चासी केबिनच्या मागे कापून, तिच्या दोन्ही लांब तुळया पुढे एकमेकींकडे वळवून त्यांचीच दांडी करावी, मूळ पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा, आहेत तसे ठेवावेत आणि ओढणाऱ्या वाहनामागच्या साध्या ५० मिलिमीटरच्या गोळ्यावर जोडून हा ट्रेलर खडकाळ वाटांवर न्यावा, वर रॅक करून त्यावर तंबूही बसवावा, असा आपला बेत आहे. बेत होण्यासारखा आहे. मी असे चार ट्रेलर बांधले आणि त्यांतला पहिला जवळजवळ आपल्याच आराखड्याप्रमाणे बांधला होता, त्यामुळे त्यात काय, कुठे आणि किती दिवसांनी तुटते हे मला चांगलेच ठाऊक आहे. पिकअपचा मागचा भाग ट्रेलरच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक ओझ्यासाठी घडवलेला असतो. त्यामुळे या कामातले बहुतेक खरे निर्णय काय काढून टाकायचे याविषयीचे असतात, आणि हे ध्यानात न घेता केलेला ट्रेलर दिसायला भक्कम, पण वाटेवर त्रासदायक निघतो.

ग्राइंडर हातात घेण्यापूर्वी कागदपत्रे पाहावीत. अनेक वाहनांत चासी क्रमांक पुढच्या भागात कोरलेला असतो आणि केबिनमागे कापल्यावर नेमका तोच तुकडा भंगारात जातो. असा क्रमांक कापणे, खरवडणे किंवा दुसरीकडे वेल्ड करणे बऱ्याच ठिकाणी गुन्हा ठरते. घरी बांधलेल्या ट्रेलरची नोंदणी कशी होते, ब्रेक कोणत्या वजनापासून सक्तीचे आहेत आणि तपासणी कोणत्या टप्प्यावर करून घ्यावी लागते, हे आपल्या भागातील परिवहन अधिकाऱ्यांकडून आधीच लेखी घ्यावे. युरोपीय संघात आणि ऑस्ट्रेलियात ७५० किलोंपर्यंतचा ट्रेलर ब्रेकविना चालतो. इतरत्र मर्यादा वेगळ्या आहेत, तरी आराखड्यासाठी हा आकडा मला सोयीचा वाटतो, कारण एवढ्या वजनाचा ट्रेलर मध्यम आकाराचे चारचाकी वाहन खडतर वाटेवर बेताने ओढू शकते.

आता वजनाचा हिशेब. माझ्या शेवटच्या ट्रेलरमध्ये हौदा १३० किलो, ॲक्सल, पाटे आणि दोन चाके मिळून १९० किलो, चासी आणि दांडी ११० किलो भरली, म्हणजे रिकामा ट्रेलरच ४३० किलोंचा झाला. त्यावर ८० लिटर पाणी, ६० किलोंचा तंबू, २५ किलोंची बॅटरी, ३० किलोंचे जादा चाक आणि ३५ किलोंची हत्यारे व जॅक धरले की बेरीज ६६० होते. ७५० च्या मर्यादेत बाकी सामानासाठी उरले अवघे ९० किलो. अमेरिकी सैन्याच्या जीपमागे धावणारे छोटे ट्रेलर क्वार्टर टन म्हणून ओळखले जात, म्हणजे त्यांचा भार जेमतेम २२७ किलोंचा धरलेला असे. ज्यांच्याकडे पोलादाची आणि इंधनाची ददात नव्हती त्यांनीही आडवाटेसाठी हीच मर्यादा पाळली, हे मला बोलके वाटते. आपल्या यादीतली प्रत्येक वस्तू प्रत्यक्ष तोलून लिहावी. अंदाजाने लिहिलेली यादी हटकून हलकी निघते.

वजन किती याइतकेच ते कुठे आहे हेही महत्त्वाचे आहे. बैलगाडीच्या भाषेत सांगायचे तर ट्रेलर उलाळ (मागे जड) होता कामा नये, तो किंचित धुरजडच (पुढे जड) हवा. एकूण वजनाच्या सुमारे १० टक्के भार कपलरवर, म्हणजे दांडीच्या टोकाच्या जोडणीवर, आला की ट्रेलर सरळ मागे येतो. तो फारच कमी झाला की वेगात शेपूट डुलू लागते आणि ते डुलणे वाढत जाऊन पुढचे वाहनही आडवे होऊ शकते. हिशेब सोपा आहे. कपलरपासून ॲक्सलपर्यंतचे अंतर ३ मीटर असेल आणि १० टक्के भार पुढे हवा असेल, तर भरलेल्या ट्रेलरचा गुरुत्वमध्य ॲक्सलच्या ३० सेंटिमीटर पुढे पडला पाहिजे. ६६० किलोंच्या ट्रेलरमध्ये त्यामुळे कपलरवर ६६ किलो येतात, आणि हे घरातल्या साध्या वजनकाट्यावरही मोजता येते. त्यासाठी ट्रेलर सपाट जमिनीवर, चाकांना उटी लावून आणि दांडी जोडणीच्या उंचीवर ठेवून कपलरखाली लाकडी ठोकळा व त्याखाली काटा ठेवावा.

डबल-कॅब पिकअपच्या बाबतीत येथे एक अडचण येते, जी सुरुवातीला कोणाच्या लक्षात येत नाही. तिचा आखूड हौदा पुष्कळदा ॲक्सलच्या पुढे कमी आणि मागे जास्त असतो, कारण पुढची जागा केबिनने घेतलेली असते. ट्रकमध्ये हे चालते, पण ट्रेलरमध्ये असा हौदा समान भरला तरी वजन मागे पडते. ॲक्सल मागे सरकवावा म्हटले तर हौद्याच्या पत्र्यात चाकाच्या कमानी ठरलेल्या जागी असतात, त्यामुळे पाच-सात सेंटिमीटरपलीकडे हलायला जागा नसते. म्हणून तोल पुढूनच साधावा लागतो. जादा चाक, बॅटरी आणि हत्यारांची पेटी दांडीवर, हौद्याच्या पुढच्या भिंतीला लागून ठेवावी आणि फाळक्याजवळ फक्त हलके सामान ठेवावे. पाण्याची टाकी मात्र ॲक्सलच्या अगदी वर, शक्य तितकी खाली आणि आत आडपडदे असलेली असावी, कारण ती प्रवासात रिकामी होत जाते आणि ती फार पुढे असेल तर प्रत्येक मुक्कामानंतर कपलरवरचा भार बदलतो. खडूने जमिनीवर हौद्याची आकृती काढून त्यात ॲक्सलची रेषा आणि प्रत्येक जड वस्तूची जागा मांडावी. या तासाभराच्या कामाने पुढची महिन्याची डोकेदुखी वाचते.

मूळ ॲक्सल ठेवावा का, या प्रश्नाचे उत्तर मी आज सहसा 'ठेवावा' असे देतो, पण त्याची किंमत समजून. फायदा उघड आहे. आपले ओढणारे वाहन त्याच घराण्यातले असेल तर चाकांचे बोल्ट जुळतात, टायर एकाच मापाचे बसतात आणि एका जादा चाकावर दोघांचे भागते. शिवाय दोन्ही वाहनांच्या चाकांतले अंतर सारखे असेल तर ट्रेलरची चाके पुढच्या वाहनाने पाडलेल्याच चाकोरीतून येतात, आणि चिखलात व वाळूत हे फार उपयोगी पडते, कारण नवी चाकोरी पाडायला लागणारा जोर वाचतो. तोटा म्हणजे डिफरन्शियलचे, म्हणजे इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटणाऱ्या मधल्या दातेरी संचाचे, निरुपयोगी वजन आणि मधोमध खाली लोंबणारा, दगडाला लागणारा त्याचा गोळा.

डिफरन्शियलमधले दातेरी चक्र काढून टाकावे, असा सल्ला अनेक जण देतात, पण तो सरसकट खरा नाही. काही ॲक्सलमध्ये चाकाचा दांडा आतल्या टोकाला क्लिपने डिफरन्शियलमध्येच अडकवलेला असतो. तेथे आतला भाग काढला तर चाक दांड्यासह बाहेर निघून जाईल. दुसऱ्या प्रकारात दांडा बाहेरच्या टोकाला बेअरिंगच्या पट्टीने धरलेला असतो आणि आतला संच सुखरूप काढता येतो. पण टोकाच्या बेअरिंगना तेल पोहोचते ते फिरणाऱ्या मोठ्या चक्राने उडवलेल्या तेलातूनच, असे असेल तर चक्र काढल्यावर ती कोरडी पडून जळतात. जड ट्रकांमध्ये आढळणाऱ्या फुल-फ्लोटिंग ॲक्सलमध्ये मात्र हब (ज्यावर चाक बसते तो तुंबा) स्वतःच्या बेअरिंगवर फिरतो आणि दोन्ही दांडे ओढून काढून, तोंडे झाकून, हब ग्रीसवर चालवता येतात. आपला ॲक्सल कोणत्या जातीचा आहे हे उघडून पाहिल्याशिवाय काहीही काढू नये. शंका असेल तर सगळे तसेच ठेवून ताजे तेल भरावे. इंजिनाकडून येणारा प्रॉपेलर शाफ्ट काढायचा, पण तो जेथे जोडलेला असतो तो पिनियनवरचा योक आणि त्याचा नट हलवायचा नाही, कारण आतल्या बेअरिंगचा ताण त्या नटावर बेतलेला असतो. डिफरन्शियल लॉक झालेले किंवा कोणी वेल्ड केलेले असेल तर ते मोकळे करणे भाग आहे, नाहीतर प्रत्येक वळणावर एक टायर घासत जाईल.

ॲक्सलमधली हवा आत-बाहेर जाऊ देणाऱ्या श्वासनळीचा उल्लेख येथेच करतो, कारण ती लहान म्हणून विसरली जाते. चालून तापलेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढले जाते. श्वासनळीला रबरी नळी जोडून तिचे टोक हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत न्यावे. तरीही खोल पाण्यातून आल्यावर तेलाचा रंग तपासावा. ते दुधासारखे झाले असेल तर ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता पाट्यांविषयी, जेथे माझा पहिला ट्रेलर फसला. मी सगळे पाटे जसेच्या तसे ठेवले होते. रिकामा ट्रेलर प्रत्येक खड्ड्यावर चेंडूसारखा उडायचा. तिसऱ्याच फेरीत मागच्या दिव्यांचे पत्रे तुटले, आणि सहा महिन्यांनी दांडीला तडा गेला, ज्याचे मूळही याच उड्यांत होते. पाट्यांचा संच पिकअपच्या पूर्ण ओझ्यासाठी असतो. आपला भार त्याच्या निम्मा असेल तर ताठपणाही सुमारे निम्म्यावर आणला पाहिजे. सर्वांत खालचा जाड आणि सरळ पाटा फक्त जादा ओझ्यासाठी असतो, तो प्रथम काढावा. त्यानंतर मधले एक-दोन कमी करावेत. टोकांना बोल्टसाठी वळवलेले डोळे असलेला मुख्य पाटा आणि त्याला आधार देणारा त्याखालचा लांब पाटा कधीही काढू नये, कारण डोळ्याशी मुख्य पाटा तुटलाच तर ॲक्सल जागेवर ठेवायला दुसराच उरतो. मधला बोल्ट आखूड घ्यावा आणि यू-बोल्ट नवेच घ्यावेत, कारण एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा नीट पकड घेत नाही. माझी कसोटी साधी आहे. रिकाम्या ट्रेलरवर पूर्ण भार टाकल्यावर चासी निदान ४ ते ५ सेंटिमीटर खाली बसली पाहिजे. ती जेमतेम १ सेंटिमीटर बसली तर अजून एक पाटा निघायला हवा. शॉक ॲब्सॉर्बर मात्र काढू नयेत. डांबरी रस्त्यावरचे कितीतरी ट्रेलर त्यांच्याविना चालतात, पण सलग खडबडीत वाटेवर पाट्यांचे डोलणे थांबवणारे दुसरे फारसे काही नसते.

चासीच्या तुळया वळवून दांडी करण्याच्या आपल्या कल्पनेशी मी असहमत आहे. पिकअपच्या तुळया ॲक्सलवरून जाताना वर उचललेल्या असतात आणि पुढे रुंदी बदलतात. त्यांना पाचर कापून वळवले की नेमक्या सर्वाधिक ताणाच्या जागी वेल्डिंग येते. दांडीतला वाकण्याचा ताण हौद्याच्या पुढच्या कडेपासून पाट्यांच्या पुढच्या टेकूपर्यंतच्या पट्ट्यात सर्वांत जास्त असतो, आणि माझा तडाही तेथेच, तुळईच्या खालच्या पट्टीवर आडव्या मारलेल्या वेल्डपासून सुरू झाला होता. त्याऐवजी केबिनमागे तुळया सरळ कापाव्यात आणि १०० बाय ५० मिलिमीटरचे, ४ मिलिमीटर जाडीचे दोन बॉक्स पाइप त्रिकोणी दांडीसाठी घेऊन ते तुळयांच्या आतून निदान ६० सेंटिमीटर मागे, पाट्यांच्या पुढच्या टेकूपलीकडे न्यावेत. मागच्या टोकाला एक आडवी तुळई बसवून सगळे बांधून घ्यावे. जोडाच्या बाजूला लावायची पट्टी चौकोनी न ठेवता दोन्ही टोकांना निमुळती करावी आणि तिचे वेल्डिंग लांबीच्या दिशेने करावे. वरच्या आणि खालच्या पट्टीवर आडवा वेल्ड मारू नये. या एका नियमाने जितक्या चासी वाचतात तितक्या जाड पत्र्यानेही वाचत नाहीत.

दांडी किती लांब असावी? पुढचे वाहन आणि ट्रेलर काटकोनात आले तरी हौद्याचा कोपरा वाहनाला लागू नये, यासाठी कपलरपासून हौद्याच्या पुढच्या भिंतीपर्यंतचे, किंवा भिंतीपुढे पेटी ठेवली असेल तर त्या पेटीपर्यंतचे अंतर वाहनाच्या निम्म्या रुंदीपेक्षा जास्त हवे. रुंदी १.८ मीटर असेल तर ०.९ मीटरच्या वर, आणि मागे लटकणारे चाक किंवा उघडणारे दार धरून मी १.२ मीटर ठेवतो. त्याहून लांब दांडी मागे घेताना सोयीची असते, पण खोल घळीतून जाताना तिचे पोट जमिनीला टेकते.

कापण्यापूर्वी इंधनाची टाकी आणि नळ्या पूर्ण काढून दूर न्याव्यात. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा यांचे मिश्रण असते. जस्ताचा मुलामा असलेला भाग वेल्ड करण्याआधी जस्त घासून काढावे, कारण त्याच्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. ब्रेक साफ करायच्या क्लोरीनयुक्त फवाऱ्याने पुसलेल्या भागावर तर वेल्डिंग मुळीच करू नये. त्या द्रवाची वाफ उष्णतेने फॉस्जीन या विषारी वायूत बदलू शकते.

ॲक्सल काटकोनात बसला आहे की नाही हे गुण्याने ठरवू नये, फितीने ठरवावे. कपलरच्या मध्यापासून दोन्ही हबांपर्यंतची अंतरे मोजावीत आणि त्यांतला फरक ३ मिलिमीटरच्या आत आणावा. आधी सगळीकडे फक्त टाके मारून ठेवावेत, पुन्हा मोजावे आणि मग समोरासमोरच्या बाजू आलटून-पालटून वेल्ड कराव्यात, नाहीतर उष्णतेने दांडी एका अंगाला ओढली जाते. हौदा चासीला वेल्ड करू नये. तो मूळ जागांवरच, रबरी गाद्या ठेवून बोल्टने बसवावा, कारण खडकाळ वाटेवर चासी पिळवटते आणि घट्ट जोडलेला पातळ पत्रा तो पीळ सहन न होऊन फाटतो. हौद्याच्या तळाच्या आडव्या पट्ट्या आतून गंजलेल्या असतात आणि वरचा रंग शाबूत दिसतो. तेव्हा हातोडीने ठोकून आवाज ऐकावा आणि बद्द आवाज येईल तेथे पत्रा कापून पाहावा.

५० मिलिमीटरच्या साध्या गोळ्यावर कपलर एका अंगाला कलताना सुमारे २० ते २५ अंशच फिरू शकतो. डांबरी रस्त्यासाठी ते पुरते. दगडांच्या वाटेवर मात्र वाहन एका अंगाला आणि ट्रेलर दुसऱ्या अंगाला कलला की ही मर्यादा सहज ओलांडली जाते, मग कपलर तरी उघडतो किंवा दांडी पिळली जाते. सैन्याच्या ट्रेलरना असते तशी गोल कडी आणि आकडा ही जोडणी स्वस्त व अभंग असते, पण खडखडाट फार करते. तिन्ही दिशांना फिरणारा, पूर्ण गिरकी घेऊ शकणारा आडवाटेचा कपलर महाग असला तरी माझी शिफारस त्यालाच आहे, आणि काटकसर करायची असेल तर ती रंगात करावी. सुरक्षासाखळ्या दोन असाव्यात आणि दांडीखाली एकमेकींना छेदून जोडाव्यात, म्हणजे कपलर सुटलाच तर दांडी जमिनीत न घुसता त्या झोळीत अडकेल.

तंबूविषयी मी आपल्याला थोडा नाउमेद करणार आहे. चाकांतले अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ०.७५ मीटर असेल, तर उभा ट्रेलर कागदावर ४५ अंशांपर्यंत कलंडत नाही. तंबू, रॅक आणि वरचे सामान यांनी ही उंची १.१ मीटरवर गेली की तोच आकडा ३४ अंशांवर येतो. प्रत्यक्ष चालताना पाट्यांचे दबणे, टायरचे झुकणे आणि दगडावरून बसणारा हिसका यांमुळे उलटण्याची वेळ याच्या कितीतरी आधी येते. म्हणून प्रवासात तंबू हौद्याच्या कडांच्या शक्य तितक्या जवळ राहील असा ठेंगणा रॅक करावा आणि ॲक्सल पाट्यांच्या खाली घेऊन ट्रेलर विनाकारण उंच करण्याचा मोह टाळावा. ट्रेलर समपातळीत किंवा किंचित पुढे झुकलेला राहील एवढीच उंची पुरे आहे.

ब्रेक ठेवायचे झाल्यास मूळ ड्रम उपयोगी येतात. दांडीवर बसवलेला दाबावर चालणारा मास्टर सिलिंडर त्यांना तेल पुरवू शकतो. मात्र तो ट्रेलरने पुढे ढकलल्यावरच चालतो, म्हणून लांब उतारावर ब्रेक सतत घासत राहून तापतात आणि चढावर मागे घेताना ते अवेळी लागतात, त्यासाठी कुलूप असलेला प्रकार घ्यावा. विजेवर चालणारे ब्रेक आडवाटेवर अधिक ताब्यात राहतात, पण मूळ ॲक्सलवर ते बसवण्यासाठी ड्रम आणि पाठची थाळी दोन्ही बदलावी लागतात. दिव्यांची अर्थची तार कपलरच्या भरवशावर सोडू नये, ती स्वतंत्र ओढून प्लगपर्यंत न्यावी. ट्रेलरचे बरेचसे विजेचे बिघाड याच एका तारेपाशी सापडतात.

पहिली फेरी रिकाम्या ट्रेलरने आणि दुसरी निम्म्या भाराने करावी. प्रत्येक वेळी १० किलोमीटरवर थांबून हबाला हात लावून पाहावा. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापला असेल तर बेअरिंग किंवा ब्रेक अडकतो आहे असे समजावे. ट्रेलरच्या टायरवर भार कमी असतो, त्यामुळे पुढच्या वाहनाइतकी हवा त्यांत भरू नये. मी डांबरी रस्त्यावरच ती सुमारे चतुर्थांशाने कमी ठेवतो आणि खडकाळ वाट लागली की आणखी उतरवतो. पन्नास किलोमीटरनंतर यू-बोल्ट, चाकांचे नट आणि हौद्याचे बोल्ट पुन्हा आवळावेत, आणि जोडाच्या पट्ट्यांवर पांढऱ्या रंगाचा पातळ हात द्यावा, म्हणजे पुढे कधी तडा गेलाच तर त्यातून झिरपणारी गंजाची तांबडी रेघ लांबूनही दिसेल.